बत्तीस बासऱ्या

थोरली: दार लोटून घे ना. बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल.

धाकटी: नाही लोटत. जिन्यावर माझी बत्तीस मुलं डबे उघडून बसलीत आणि लक्ष ठेवायला एकटे पीटीचे सर आहेत. मला इथून ती दिसायला हवीत. आणि ऐकू गेलं तर जाऊ दे. आज त्यांना तसंही फारसं काही ऐकायला मिळालं नाही.

थोरली: असं कसं म्हणतेस? सत्तर वादकांचा वाद्यवृंद दीड तास खास शाळांसाठी मंचावर होता.

धाकटी: त्यातलं पाहुण्यांचं भाषण वजा कर. एकोणीस मिनिटं, आणि तेही शिस्तीवर. समोर नऊशे मुलं तोंडावर बोट ठेवून बसलेली आणि हे त्यांना शिस्त शिकवतायत.

थोरली: त्यांना पाच मिनिटं दिली होती, तसं लेखी कळवलंही होतं. पण माईक हातात आला की माणसाचं घड्याळ बंद पडतं, त्याला मी काय करू? पडद्याआडून दोनदा चिठ्ठी पाठवली. पहिली त्यांनी खिशात घातली. दुसरीने चष्मा पुसला.

धाकटी: हसवू नकोस मला. मी भांडायला आलेय.

थोरली: भांड की. तू भांड, मी हे नोटेशनचे स्टँड रचते. साडेबाराच्या आत खोली रिकामी करून द्यायचीय, संध्याकाळच्या कार्यक्रमाची मोठी वाद्यं इथे यायचीत.

धाकटी: आणि आमच्या दोन बस, सहावीची आणि सातवीची? पावणेबाराला येणार होत्या. बारा वाजून गेले.

थोरली: बसवाला म्हणतो रस्ता अडलाय. सकाळपासून हेच चाललंय बघ. एक शाळा अर्धा तास आधी येऊन दारात उभी, एक शाळा तारीखच विसरली. एका शाळेत बाईंनी सांगून ठेवलेलं, आज कंडक्टर येणार आहे, नीट वागा. पहिल्या रांगेतली दोन मुलं सुट्टे पैसे मुठीत धरून बसली होती, तिकीट काढायला. आणि शिक्षकांचं ते शू, शू. बासरीवाल्याने अगदी हळू सूर लावला, तर तो कोणाला ऐकूच आला नाही. सभागृहभर नुसतं शू.

धाकटी: त्यातली एक शू माझी होती.

थोरली: आणि कळस म्हणजे हे अभिप्रायाचे कागद. 'या कार्यक्रमातून तुम्ही काय शिकलात? एका वाक्यात लिहा.' असला प्रश्न कार्यालयात कोणाला सुचला कोण जाणे. वरचाच कागद बघ. 'खुर्च्या मऊ आहेत.'

धाकटी: विषय बदलू नकोस, ताई. ती पत्रिका घे आणि शेवटची ओळ वाच.

थोरली: मीच छापून घेतलीय ती.

धाकटी: तरी वाच. नाही वाचत? मी वाचते. 'सहावीच्या बत्तीस विद्यार्थ्यांच्या बासऱ्या, वाद्यवृंदासोबत.' ही पत्रिका दोन महिने माझ्या वर्गात फळ्याशेजारी चिकटवलेली आहे. मुलं येता-जाता त्या ओळीला हात लावतात. हात लावून लावून तिथला कागद काळा पडलाय.

थोरली: वेळ संपली होती गं. साडेअकराच्या ठोक्याला वादक उठतात. त्यांच्या संघटनेचा नियम आहे तो. मधल्या ओळीत असले तरी उठतील.

धाकटी: मी घड्याळ बघत होते. दारावर आहे ना, लाल आकड्यांचं. तुमचा छडीवाला कंडक्टर मुलांकडे वळून वाकला तेव्हा अकरा तेवीस झाले होते. सात मिनिटं होती. आमची धून अडीच मिनिटांची आहे.

थोरली: एवढ्या मुलांना मंचावर आणायचं, रांगा लावायच्या, परत उतरवायचं...

धाकटी: ती मंचावर येणारच नव्हती. जागेवर उभी राहून वाजवणार होती. तुझ्याच पत्रात तसं लिहिलंय. शेवटच्या आधीचं संपत आलं तेव्हाच सगळ्यांनी पिशव्यांतून बासऱ्या काढून मांडीवर ठेवल्या. फडक्याने पुसून. प्लॅस्टिकच्या बासऱ्या, पण पुसत अशी होती की जणू काचेच्या आहेत.

थोरली: हा स्टँड जरा धर. याचा स्क्रू ढिला झालाय.

धाकटी: ताई.

थोरली: काय?

धाकटी: कंडक्टरने नाही ना कापली धून?

थोरली: त्याने पडद्याकडे बघून भुवई उंचावली. म्हणजे, घ्यायची का. मी मान हलवली.

धाकटी: कशी हलवलीस?

थोरली: नाही अशी.

धाकटी: बस. एवढंच ऐकायचं होतं मला.

थोरली: एवढंच ऐकून कसं चालेल? का हलवली ते नको ऐकायला?

धाकटी: सांग. बस यायचीच आहे, वेळ आहे माझ्याकडे. सात मिनिटांपेक्षा जास्त.

थोरली: तिसऱ्या रांगेत कडेला पाच माणसं बसली होती, पाहिलीस? ती समिती. आज दोन वाजता त्यांची बैठक आहे. विषय एकच, शाळांसाठीचे हे कार्यक्रम पुढे चालू ठेवायचे की बंद करायचे. गेल्या वर्षी मुलांनी जे वाजवलं ना, त्याचं रेकॉर्डिंग त्यांनी बैठकीत लावलं होतं. मी तिथे बसले होते. एकाने विचारलं, हा मांजरांचा वर्ग कोणत्या शाळेचा? सगळे हसले. चहा देणारासुद्धा हसला. मी वर्षभर त्या हसण्याशी भांडतेय. पत्रं लिही, आकडे दाखव, मुख्याध्यापकांच्या सह्या आण. खांदा गेला तेव्हा व्हायोलिन सोडून मी हे काम घेतलं, सहा वर्षं झाली. हे बंद झालं तर माझ्याकडे दुसरं काही नाही. आणि पुढच्या वर्षीच्या मुलांकडेही नाही.

धाकटी: म्हणजे मुलांसाठीचा कार्यक्रम वाचवायला तू मुलंच कापलीस.

थोरली: बोलायला सोपं आहे. मंगळवारी मी तुझ्या वर्गात आले होते. तिसरी ओळ कशी झाली ते तूही ऐकलंस. निम्मी मुलं पुढे, निम्मी मागे, आणि दोघं बहुतेक दुसरंच काहीतरी वाजवत होती.

धाकटी: मंगळवारी तू मागच्या बाकावर वही उघडून बसलीस. मुलं तुझ्या पेनकडे बघून वाजवत होती. तू गेलीस, आणि बुधवारपासून ती शाळेच्या अर्धा तास आधी यायला लागली. मी सांगितलं नव्हतं. मुलांनीच ठरवलं. शिपायाने वर्ग उघडला नव्हता तर व्हरांड्यात बसून वाजवली. तिसरी ओळ चार तुकड्यांत तोडली, एकेक तुकडा घासला. आज येताना बसमध्ये अख्खी धून वाजवली. ड्रायव्हरने आपणहून रेडिओ बंद केला.

थोरली: हे मला कोणी सांगितलं?

धाकटी: तू विचारलंस कधी? काल फोन केलास तो बसच्या वेळेसाठी. परवा केलास तो डब्यांत तेलकट आणू नका हे सांगायला, म्हणे गालिचे खराब होतात.

थोरली: आणि समजा बिघडली असती? पाचही जणांच्या समोर?

धाकटी: बिघडली असती तर बिघडली असती. अकरा वर्षांची पोरं आहेत ती. तुझं हे नेहमीचंच. मी नववीत असताना शाळेच्या कार्यक्रमात आपण दोघींनी मिळून वाजवायचं ठरलं होतं. आदल्या दिवशी तू आईला म्हणालीस, हिची अजून तयारी नाही, मी एकटीच वाजवते. मी दुसऱ्या रांगेत व्हायोलिनची पेटी मांडीवर घेऊन बसले. टाळ्याही वाजवल्या तुझ्यासाठी. त्यानंतर ती पेटी मी उघडली नाही.

थोरली: असं मी म्हणाले होते?

धाकटी: तुला आठवतही नाही.

थोरली: खरंच नाही आठवत. मला वाटत होतं तुला कंटाळा आला म्हणून सोडलंस. आईपण तेच सांगायची.

धाकटी: आई सगळ्यांच्या चुकांवर पांघरूण घालायची. जाऊ दे ते. ते जुनं झालं, त्यातून मी सावरले. मी आले ते वेगळ्याच गोष्टीसाठी. तुला आठवतं, मध्येच एक मुलगी मोठ्याने हसली?

थोरली: हो. ते बसून नावाचं वाद्य वाजायला लागलं तेव्हा.

धाकटी: तुमचा निवेदक गंभीर चेहऱ्याने म्हणाला, 'आता ऐका, बसून.' माझ्या वर्गात एक आहे, तिला मी भिंगरी म्हणते, एका जागी दोन मिनिटं टिकत नाही. ती शेजारणीला म्हणाली, मग आत्तापर्यंत काय उभं राहून ऐकत होतो? आणि नेमकं त्याच वेळी त्या लांबलचक लाकडी नळ्याने जेवण झालेला म्हातारा ढेकर देतो तसा आवाज काढला. ती फुटलीच. सगळं सभागृह वळून बघायला लागलं. मी तिच्याकडे डोळे वटारले आणि म्हणाले, एवढं सांगितलं होतं ना? आता बघ काय होतं ते.

थोरली: मग?

धाकटी: मग पंधरा मिनिटांनी दिवे लागले आणि आमची धून झालीच नाही. मुलांनी दोनात दोन मिळवले. आता जिन्यावर सगळी एका बाजूला बसलीत आणि ती एकटी खालच्या पायरीवर. डबा उघडलेला नाही. वर्गाने ठरवलंय, हिच्यामुळे झालं. आणि पुरावा काय, तर बाई स्वतः म्हणाल्या होत्या.

थोरली: पण बसून वाजवणारे तर खूश होऊन माझ्याकडे आले होते. विचारत होते, कोणतं मूल हसलं. तो तुकडा विनोदीच आहे गं. म्हणाले, इतकी वर्षं वाजवतोय, मोठी माणसं डोळे मिटून ऐकतात. आज पहिल्यांदा कोणाला तरी तो विनोद कळला.

धाकटी: हे तू मला सांगून काय उपयोग? बाहेर ये आणि त्यांना सांग. वेळ संपली वगैरे नको. खरं ते सांग.

थोरली: काय सांगू? मी तुमच्यावर विश्वास ठेवला नाही? मुलं आहेत, संध्याकाळपर्यंत विसरतील. उलट सांगितलं तर लक्षात राहील.

धाकटी: मी विसरले?

थोरली: तू तर... थांब, कोणीतरी येतंय.

भिंगरी: बाई, आत येऊ? दोन्ही बस आल्या. सर म्हणतात लवकर चला, तिथे थांबू देत नाहीत.

धाकटी: आले. सगळ्यांनी डबे, पिशव्या घेतल्या का बघ.

भिंगरी: घेतल्या. बाई, एक विचारू? मी सातवीच्या बसमधून येऊ का? त्यांच्यात एक जागा आहे. सरांना विचारलं, सर म्हणाले बाईंना विचार.

धाकटी: का गं? सातवीत तुझं कोण आहे?

भिंगरी: कोणी नाही. अशीच.

थोरली: तूच हसलीस ना मघाशी?

भिंगरी: चुकून हसले. मी सगळ्यांना सॉरी म्हटलं. एकेकाला जाऊन. एकतीस जणांना. दोघंच म्हणाली ठीक आहे.

थोरली: तुझी काही चूक नाही त्यात.

भिंगरी: मोठी माणसं असंच म्हणतात.

थोरली: म्हणतात खरी. बरं, मग नीट ऐक. तुमची धून मी नको म्हटली. मी पडद्यामागे उभी होते, मला विचारलं घ्यायची का, आणि मी नको म्हटलं. तू हसली नसतीस तरी मी नकोच म्हटलं असतं. मंगळवारी मी तुमच्या वर्गात आले होते तेव्हा तिसरी ओळ चुकली होती. आज समोर काही माणसं बसली होती, त्यांच्यापुढे पुन्हा चुकली तर ती हसतील, याची मला भीती वाटली.

भिंगरी: कोणाला हसतील? आम्हाला?

थोरली: मला.

भिंगरी: पण तिसरी ओळ आता येते आम्हाला.

थोरली: ते मला माहीत नव्हतं.

भिंगरी: विचारायचं ना मग.

थोरली: विचारायला हवं होतं.

भिंगरी: म्हणजे मी एकतीस जणांना उगाचच सॉरी म्हटलं.

थोरली: हो.

धाकटी: आणि मीही उगाचच डोळे वटारले, भिंगरे. तसं बोलायला नको होतं मी. चुकलं माझं.

भिंगरी: हे तुम्ही सगळ्यांना सांगाल? मी सांगितलं तर म्हणतील, ही मनाचं सांगतेय.

थोरली: मी सांगते. बसमध्ये चढून सांगते.

भिंगरी: मोठ्याने सांगा हां. मागच्या सीटवरचे कोणाचं ऐकत नाहीत.

थोरली: मोठ्याने सांगते. हो तू पुढे.

(संध्याकाळी, फोनवर.)

धाकटी: दोनदा फोन केला मी. उचलला नाहीस.

थोरली: बैठक लांबली. मग खाली गाडीत बसून राहिले नुसती. चालू ठेवायचं ठरलं. पुढची तीन वर्षं.

धाकटी: अगं मग चांगलंच झालं की. आवाज असा का येतोय?

थोरली: अध्यक्ष म्हणाले, यंदा कसा नेटका कार्यक्रम झाला. मुलांच्या वाजवण्याची कटकट नव्हती, म्हणून रंगाचा बेरंग झाला नाही. तर आता हीच पद्धत कायम ठेवू. ऐकणाऱ्यांनी ऐकावं, वाजवणाऱ्यांनी वाजवावं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. ठरावात लिहून घेतलं, मुलांचा सहभाग केवळ श्रोते म्हणून.

धाकटी: आणि तू काय केलंस? मान हलवलीस?

थोरली: नाही. मी उठून उभी राहिले. म्हटलं, ती धून मीच थांबवली होती आणि ती माझी चूक होती. त्या मुलांनी व्हरांड्यात बसून तयारी केली होती, तुम्ही त्यांचा एक सूरही ऐकलेला नाही, मग ठरवता कशावरून? मला वाटलं, आता वाजेल. निदान कोणीतरी चिडेल. तर अध्यक्ष म्हणाले, यांच्या म्हणण्याची नोंद घ्या. कारकुनाने नोंद घेतली. पुढचा विषय गाड्या लावण्याच्या जागेचा होता. त्यावर पाऊण तास वाद झाला.

धाकटी: म्हणजे वाचलं, पण...

थोरली: काय वाचलं ते विचारू नकोस. मला सांगता यायचं नाही. मी आज सात मिनिटांपैकी अडीच मिनिटं दिली असती, आणि ती बिघडली असती, तरी मला पुढच्या वर्षी भांडायला काहीतरी उरलं असतं. आता त्यांच्याकडे माझीच मान आहे, हललेली.

धाकटी: जेवलीस का काही?

थोरली: नाही. तुला एक विचारायचं होतं. सोमवारी तुझ्या वर्गात येऊ? शाळेच्या आधी, ती मुलं वाजवतात तेव्हा. वही आणणार नाही.

धाकटी: अजून येतील की नाही तेच माहीत नाही मला. आज परत जाताना बासऱ्या कोणी बाहेर काढल्या नाहीत. ड्रायव्हरने विचारलंसुद्धा, काय झालं, आज मैफल नाही? तू बसमधून उतरल्यावर एक मुलगा मला म्हणाला, त्या ताई खरं बोलल्या, पण त्याने काय होतं?

थोरली: बरोबर आहे त्याचं.

धाकटी: बरोबरच आहे. तरी ये तू. सोमवारी साडेसातला. कोणी आलं नाही तर आपण दोघी बसू व्हरांड्यात. तुझ्यावरचा राग गेलाय असं मात्र समजू नकोस. तो आहे, आणि बरेच दिवस राहील.

थोरली: राहू दे. येते मी. आणि ती मुलगी? सातवीच्या बसमधून गेली का?

धाकटी: नाही. आमच्याच बसमध्ये होती. दोघींच्या सीटवर चौघी बसल्या होत्या, मधोमध ती. मी बघितलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले.